मीटर हलत होता: बीटेक करता करता सिनेमा शिकताना

आजच्या भागात पाहुणा कोणी नाही, मी एकटाच बोलणार आहे. कारण सांगतो. मागच्या आठवड्यात गुरुवारी रात्री माझ्या मामेभावाचा फोन आला. तो साताऱ्यात बीटेकच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कॉम्प्युटरला. म्हणाला, "दादा, सोमवारपर्यंत मायनरचा फॉर्म भरायचाय. लिस्टमध्ये फिल्मचा एक मायनर आहे. घेऊ का?" मागून मामीचा आवाज आला, "त्याला म्हणावं डेटा सायन्स घे म्हणून सांग!" आणि मग मामीनेच फोन घेतला. "तू शिकलास ना रे सिनेमा सांगलीत? काय झालं त्याचं? शेवटी पुण्यात कॉम्प्युटरपुढंच बसतोस ना?"

आता याला उत्तर काय देणार? बसतो खरंच. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, बॅकएंडचं काम करतो, पगार त्याचाच येतो. त्या रात्री मामीला मी "उद्या सांगतो" म्हणालो आणि फोन ठेवला. जे सांगायचं होतं ते फोनवर मावणारं नव्हतं, म्हणून आज इथं सांगतोय.

आधी मायनर म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, कारण घरच्यांना हा शब्द नवा असतो. तुमची मुख्य शाखा असते, कॉम्प्युटर, मेकॅनिकल, सिव्हिल, जी काय असेल ती. तिच्यासोबत दुसऱ्या एका विषयाचे ठराविक पेपर तीन-चार सेमिस्टर घ्यायचे, तो मायनर. एआयसीटीईच्या २०१८ च्या नमुना अभ्यासक्रमात बीटेकची डिग्री १६० क्रेडिटची धरली होती आणि मायनर हवा असेल तर वर साधारण २० क्रेडिट जास्तीची. २०२० चं नवं शिक्षण धोरण आल्यावर महाराष्ट्रात हा मायनर डिग्रीच्या आतच आला, 'मल्टिडिसिप्लिनरी मायनर' या नावानं. त्यामुळं आज माझ्या मामेभावासमोर ही यादी आहे. मी सांगलीत शिकलो २०१६ ते २०२०. तेव्हा आमच्याकडं असलं काही नव्हतं.

म्हणून मी जो केला त्याला मी घरगुती मायनर म्हणतो. आमच्या इंग्रजीच्या मॅडमनी एक ऑडिट कोर्स चालू केला होता. मार्क नाहीत, क्रेडिट नाही. शनिवारी दुपारी दोन ते पाच, पडदे लावलेली एक क्लासरूम आणि कॉलेजचा प्रोजेक्टर. एनपीटीईएलवर आयआयटी मद्रासचा चित्रपट-अभ्यासाचा कोर्स आहे, त्याची लेक्चर्स आणि सोबत एक सिनेमा. आधी चाळीस पोरं होती, 'पाथेर पांचाली'नंतर अकरा उरली. मी त्या अकरात.

मी का टिकलो, तर त्याला एक पार्श्वभूमी आहे. आमचं गाव वाई तालुक्यातलं. आत्या मेणवलीला दिलेली. तिथल्या कृष्णेच्या घाटावर 'स्वदेस'चं शूटिंग झालं तेव्हा मी पाच-सहा वर्षांचा होतो. आमच्या घरात त्या शूटिंगची गोष्ट लग्नाच्या गोष्टीसारखी सांगितली जाते, कोण कुठं उभं होतं, कोणाचा हात पडद्यावर आलाय. पुढं 'दबंग'ही आमच्या वाईतच झाला. मी मोठा झालो तेव्हा 'लागिरं झालं जी' टीव्हीवर सुरू झाली, २०१७ मध्ये, आणि साताऱ्याची भाषा रोज संध्याकाळी घरोघर ऐकू यायला लागली. सांगलीत आल्यावर कळलं की हे गाव तर नाट्यपंढरी. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये 'सीता स्वयंवर' इथंच केलं. आणि तासाभरावर कोल्हापूर, जिथं बाबूराव पेंटरांनी स्वतःच्या हातानं कॅमेरा जुळवला आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणला. प्रभात कंपनीसुद्धा १९२९ ला कोल्हापुरातच निघाली, मग पुण्याला गेली, आणि तिच्याच आवारात आज एफटीआयआय आहे. म्हणजे आपल्या भागाला सिनेमा काही परका नाही.

तर तिसऱ्या वर्षापर्यंत मला बरंच काही यायला लागलं होतं. म्हणजे बोलायला यायला लागलं होतं. लाँग टेक म्हणजे काय, कट कुठं दिसतो, कुठं दिसत नाही. आपल्याकडं वीज ५० हर्ट्झची, म्हणून ट्यूबलाइटखाली शटर १/५० ठेवायचा, नाहीतर चित्र फडफडतं, हेही पाठ होतं. इंजिनिअरला असलं पटकन पाठ होतं.

मग मॅडम म्हणाल्या, बघून झालं, आता काहीतरी करा. आम्ही तिघं होतो. एकाकडं त्याच्या भावाचा डीएसएलआर होता, तो कॅमेऱ्याला. दुसरा बोलका, तो प्रश्न विचारणार. आणि मी साउंडला, कारण इलेक्ट्रॉनिक्सचं मला जास्त कळतं अशी सगळ्यांची समजूत होती. माझीही.

विषय मीच सुचवला होता. लहानपणी पुसेगावच्या यात्रेत मी तंबूतला सिनेमा बघितला होता. बाहेर बैलबाजार, पाळणे, भेळ, आणि आत सतरंजीवर बसून पडदा बघणारी माणसं. सांगलीवाडीत, म्हणजे आयर्विन पूल ओलांडला की पलीकडं, एक आजोबा राहत होते. बावीस वर्षं टुरिंग टॉकीजवर ऑपरेटर होते. पुसेगाव, पाल, म्हसवड, खरसुंडी, सगळ्या यात्रा त्यांनी गाडीत झोपून काढलेल्या. घरात एका कोपऱ्यात जुन्या प्रोजेक्टरचे सुटे भाग आणि पत्र्याच्या डब्यांत रिळांचे तुकडे.

मार्च २०१९, रविवार. आम्ही सकाळी नऊला गेलो. आजीनं पोहे केले. आजोबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. सव्वा तास बोलले. कार्बनच्या कांड्या जाळून उजेड कसा करायचे, हजार फुटांचं रीळ साधारण अकरा मिनिटं चालतं तर तेवढ्यात पुढचं कसं तयार ठेवायचं, फिल्म तुटली की तंबूतून शिट्ट्या सुरू व्हायच्या आत कशी जोडायची. हातानं करून दाखवत होते. हवेतच. समोर प्रोजेक्टर असल्यासारखं.

माझ्याकडं कोणाचा तरी मागून आणलेला रेकॉर्डर होता आणि कॉलरला लावायचा माइक. रेकॉर्डरवर छोटा मीटर असतो, आवाज आला की काड्या वर-खाली होतात. त्या होत होत्या. मी सव्वा तास त्या मीटरकडं बघत बसलो. हेडफोन माझ्या बॅगेत होते. काढले नाहीत. उन्हाळा होता, कान तापतात, आणि मीटर तर हलतोय की.

होस्टेलवर येऊन फाइल लावली. नुसती घरघर. माइकची पिन अर्धीच आत गेली होती, आणि मीटर जो हलत होता तो त्या घरघरीवर हलत होता. म्हटलं, हरकत नाही, कॅमेऱ्यात आवाज असेल. कॅमेऱ्यात आवाजाची लेव्हल कोणीतरी आधीच शून्यावर ठेवलेली. ती बघायची जबाबदारी कोणाची? साउंडवाल्याची. म्हणजे माझी. सव्वा तासाचं चित्र आहे, स्वच्छ, फोकसमध्ये, आणि आजोबांचा एक शब्द नाही.

आम्ही काय केलं? काहीच नाही. "परत जाऊ" म्हणालो. एप्रिलमध्ये सबमिशन. मेमध्ये परीक्षा. जून-जुलै माझी पुण्यात इंटर्नशिप. आजोबा कुठं जातायत, पाऊस संपला की जाऊ.

ऑगस्टमध्ये महापूर आला. सांगलीकरांना सांगायला नको. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फुटांची, त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. २००५ चा पूर लोक मापाला धरायचे, तो मागं पडला. सांगलीवाडी पाण्यात. आजी-आजोबांना होडीतून काढलं, ते लेकीकडं मिरजेला गेले. आम्ही सप्टेंबरात भेटायला गेलो तेव्हा आजोबांना अर्धांगवायू झालेला. ओळखलं त्यांनी. हात हातात घेतला. पण बोलणं कळत नव्हतं. घरातले ते डबे, ते भाग, सगळं चिखलात गेलं होतं. जानेवारीत आजोबा वारले.

मंडळी, इथं मी थोडं थांबतो, कारण पुढचं मला आजही नीट सांगता येत नाही. लोक मला म्हणाले, अरे तू तर तिथंच होतास, समोर चार फुटांवर, तुला आठवत असेल की ते काय बोलले. नाही आठवत. मगाशी तुम्हाला जे सांगितलं तेवढंच, तुकडे तुकडे. मी तिथं होतो, पण ऐकत नव्हतो. मीटर बघत होतो.

दरम्यान एक गोष्ट झाली होती. दिवाळीच्या सुट्टीत मी वाईजवळ एका शूटिंगवर अठरा दिवस काम केलं. माझ्या आईच्या चुलतभावाचा टेम्पो तिथं लागायचा, त्याच्या ओळखीनं. काम काय, तर डेटा. कॅमेऱ्यातून कार्ड येतं, ते दोन वेगवेगळ्या हार्डडिस्कवर उतरवायचं, चेकसम जुळवायचा, म्हणजे मूळ फाइल आणि कॉपी अगदी बिट-न्-बिट सारखी आहे का ते तपासायचं, आणि मगच कार्ड मोकळं करायचं. कॉलेजात चेकसमवर मी परीक्षेत पाच मार्कांचं उत्तर लिहिलं होतं. इथं साठ माणसांची दिवसभराची मेहनत माझ्या तळहातावर, एका नखाएवढ्या कार्डात. पहिल्या दिवशी हात थरथरत होते.

आणि तिथं मी साउंडचे दादा बघितले. सकाळी सहाला हेडफोन कानावर चढायचे ते पॅकअपलाच उतरायचे. सीन झाला की ते म्हणायचे, "रूम टोन." मग साठच्या साठ माणसं, हिरोपासून चहावाल्यापर्यंत, अर्धा मिनिट पुतळ्यासारखी उभी. त्या खोलीची नुसती शांतता रेकॉर्ड करायची, एडिटिंगला लागते म्हणून. एका दुपारी जेवताना मी त्यांना आमच्या आजोबांची गोष्ट सांगितली. त्यांनी ओरडलं असतं तर बरं वाटलं असतं. ते एवढंच म्हणाले, "कानात नसेल तर कार्डात नाही, असं धरून चालायचं." आणि भाकरी खायला लागले.

हे वाक्य माझ्या एनपीटीईएलच्या नोट्समध्ये नव्हतं. तिथं असतं तरी मी ते अधोरेखित करून पुढं गेलो असतो.

फेब्रुवारी २०२० मध्ये आम्ही तिघं मिरजेला आजींकडं गेलो. त्यांना आजोबांचं चित्र द्यायचं होतं, पेन ड्राइव्हवर. लॅपटॉपवर लावलं. मुकंच. मला वाटलं आजी रडतील. आजी पुढं सरकल्या, चष्मा लावला आणि दोन मिनिटांनी म्हणाल्या, "हां, हे तिकिटाच्या खिडकीचं सांगतायत." आम्ही एकमेकांकडं बघितलं. आजी म्हणाल्या, "अरे, पन्नास वर्षं ऐकलंय. हात असा केला की खिडकीचं." मग म्हणाल्या, "आता सांगत असतील, रीळ कधी तुटलंच नाही म्हणून. खोटं हाय. प्रत्येक जत्रंत तुटायचं. घरी येऊन माझ्यावर चिडायचे."

मी बॅगेतून रेकॉर्डर काढला. पिन दाबून बघितली. हेडफोन लावले. आजींना म्हणालो, "आजी, पहिल्यापासून परत लावू का?"

ती फिल्म अशी झाली. चित्र आजोबांचं, आवाज आजीचा. ते जे सांगत असतील ते ती सांगते, आणि मधेमधे दुरुस्तही करते. अकरा मिनिटांची ठेवली, एका रिळाएवढी. पण एक भाग असा आहे की आजीलाही कळला नाही. रात्री गाडीत, प्रोजेक्टरपाशी जे चालायचं ते तिनं कधी बघितलंच नव्हतं, बायका तिकडं जात नव्हत्या. आजोबांचे हात हवेत काहीतरी जोडतायत, चौदा मिनिटं, आणि ते काय आहे हे सांगणारं आता कोणी नाही. त्यातली चाळीस सेकंदं आम्ही तशीच मुकी ठेवली. सांगलीवाडीच्या गल्लीत चादर बांधून दाखवली, मिरजेहून आजींना रिक्षानं आणलं. त्या चाळीस सेकंदांना गल्लीत कोणी बोललं नाही. महिन्याभरात लॉकडाउन लागला. ती फिल्म कुठल्या महोत्सवात गेली नाही. पाठवलीच नाही.

आता मामीच्या प्रश्नाकडं येतो. काय झालं त्या सिनेमाचं?

नोकरी मिळाली का? नाही. इंटरव्ह्यूत त्याच्याबद्दल कोणी एक प्रश्न विचारला नाही. मायनरमुळं पॅकेज वाढतं असं कोणी सांगत असेल तर माझा तरी तसा अनुभव नाही. पण आज ऑफिसमध्ये डॅशबोर्ड सगळा हिरवा दिसत असला तरी मी एकदा खरी रिक्वेस्ट पाठवून, खरं उत्तर वाचून बघतो. आमच्या टीममध्ये त्याला आता नावच पडलंय, "मीटर हलतोय का आवाज येतोय?" हे मला कोडिंगनं शिकवलं नाही. आणि समोर माणूस बोलत असेल तर मी मोबाइल पालथा ठेवतो. याचे क्रेडिट किती, मला माहीत नाही.

मामेभावाला मी जे सांगितलं ते तुम्हालाही सांगतो, कारण सातारा, सांगली, कराड, इस्लामपूरकडची बरीच पोरं-पोरी हा पॉडकास्ट ऐकतात.

फिल्मचा मायनर घ्यायचा असेल तर फॉर्म भरायच्या आधी डिपार्टमेंटला जाऊन चार गोष्टी विचारा. एक, किती क्रेडिट वर्गातले आणि किती प्रॅक्टिकलचे? दोन, कॅमेरा, माइक, लाइट विद्यार्थ्याला घरी न्यायला मिळतात का, की फक्त कपाटात दिसतात? तीन, केलेलं काम कॉलेजबाहेरच्या कोणाला दाखवतात का? आणि चार, एडिटिंगच्या टेबलावर तुमची चूक तुम्हाला दाखवणारा कोणी माणूस आहे का? सगळी उत्तरं पुस्तकी आली, तरी मायनर घ्यायला हरकत नाही. मग प्रॅक्टिकल बाहेर शोधायचं एवढंच.

आणि ते बाहेर मिळतं. शिवाजी विद्यापीठाच्या युवा महोत्सवात एकांकिका आहे, मूकनाट्य आहे, तिथं लाइट आणि साउंडला कायम माणसं कमी पडतात. साताऱ्या-वाईकडं शूटिंग चालू असतात. एफटीआयआयचे छोटे कोर्स असतात. नागराज मंजुळेंची 'पिस्तुल्या' ही शॉर्टफिल्म अहमदनगरला कॉलेजात शिकतानाच झालेली, आणि तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यासाठी त्यांना मुंबईला जावं लागलं नाही.

पण माझं ऐकाल तर पहिलं प्रॅक्टिकल लग्नाच्या शूटिंगवाल्याकडं करा. हसू नका. अक्षता दोनदा पडत नाहीत. बॅटरी संपली, कार्ड भरलं, माइक बंद राहिला, तर भटजी परत मंगलाष्टका म्हणत नाहीत, आणि नवरीचा बाप तुम्हाला आयुष्यभर लक्षात ठेवतो. कर्मवीर अण्णांनी आपल्या साताऱ्यात 'कमवा आणि शिका' चालवलं, तेव्हा पोरं सकाळी शेतात राबायची आणि मग वर्गात बसायची. फी भागायची हे खरंच, पण मला वाटतं अजून एक व्हायचं. हातातलं काम बिघडलं की दुसऱ्या कोणाचं तरी नुकसान होतं, हे त्यांना वर्गात बसायच्या आधीच कळलेलं असायचं. आम्हाला ते तिसऱ्या वर्षापर्यंत कळलं नाही. आमच्या शनिवारच्या वर्गात चूक झाली तर कोणाचं काहीच जात नव्हतं.

असो. सोमवारी मामेभावानं फॉर्म भरला. फिल्मच घेतला. मामी सध्या माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलते. येत्या रविवारी त्याला कराडला एका ओळखीच्या लग्नवाल्याकडं पाठवतोय, साउंडला. माझे हेडफोन कुरिअरनं पाठवलेत. त्यानं विचारलं, "दादा, दिवसभर घालायचे? गरम नाही का होणार?"

होणार. घाल.

चला, भेटू पुढच्या भागात. तुमच्या घरात कोणी आजी-आजोबा काही सांगत असतील तर या रविवारी रेकॉर्ड करा. मोबाइलवर केलं तरी चालतं. पहिल्या मिनिटाला थांबवून एकदा ऐकून बघा, आणि मग फोन बाजूला ठेवून त्यांच्याकडं बघत बसा.